लाडवांच्या गोष्टीतली गाळलेली सात मिनिटं

दिगू, तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी तुझा दिवा बंद केला.

मुद्दाम नाही रे. वृंदावहिनींनी तुझ्या फोटोपुढे आधी तेलाचा दिवा लावला होता, पण वात काजळली की छतावरचा तुमचा स्मोक अलार्म, ज्याला तू आत्याबाई म्हणायचास, बोंब मारायचा. दोनदा सगळ्या गल्लीला कळवून झाल्यावर ईराने तिच्या टेबलावरचा छोटा विजेचा दिवा आणून तिथे ठेवला. तेराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नाही असं ठरलं. त्या दुपारी मी आलो, बसलो, शेजारच्या बाईंनी आणलेले दोन स्कोन खाल्ले, तिसरा खिशात टाकला, बूट घातले, आणि दाराकडे जाता जाता माझा हात आपला आपण भिंतीवरच्या बटणाकडे गेला. खट्.

"काका," ईरा मागून म्हणाली, "यू जस्ट स्विच्ड बाबा ऑफ."

वहिनी हसल्या. पाच दिवसांत पहिल्यांदा. ईरा हसली. मीही तोंड उघडलं हसायला, आणि मला तिथेच बुटांच्या कपाटावर बसावं लागलं. दोघींना वाटलं, मकरंदला आता रडू फुटलं. तसं नव्हतं. या हाताने हेच काम आधी एकदा केलं होतं, दिगू. तेव्हा तू माझ्या डोक्यावर चालत होतास.

हे तुला सांगायला मला नऊ वर्षं होती. एवढा वेळ कमी पडला म्हणून आता लिहितोय.

मी माझ्या फजित्यांचा स्वतःच भाट, हे तुला माहीत. ख्राइस्टचर्चमधल्या मराठी घरांत माझी कुठली फजिती ऐकायची राहिली आहे? नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबाच्या कुत्र्याला साहेब समजून केलेला नमस्कार सगळ्यांना पाठ आहे. समुद्रावर उलटे घातलेले टॉग्ज, म्हणजे पोहायची चड्डी, तीही. दिवे बंद करण्याची खोडही. आमच्या अप्पांनी ती हाडात घातली. खोलीतून कुणी उठलं की आतून आवाज यायचा, "कुणासाठी जळतोय तो?" आम्ही चार भावंडं अंधारात वाढलो म्हटलं तरी चालेल. इथेही भिंतीवरच्या प्रत्येक प्लगला वेगळं बटण, म्हणजे मला मेजवानीच. तुम्ही तिघं नेल्सनला गेलात, झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे ठेवलीत, आणि मी पाणी घालून निघताना तुमच्या गॅरेजमधला फ्रीझर बंद करून आलो. उन्हाळ्याचे चार दिवस. वहिनींचा वर्षभराचा आमरस, आणि तू स्वतः पकडलेला, उगाच सगळ्यांना दाखवायचास तो मासा. तू दारातूनच फोन केलास. "मक्या, तू वर गेलास ना, की चित्रगुप्त अंधारात बसून हिशेब लिहील."

ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली. शंभर वेळा हशा घेतला. तिची सख्खी धाकटी बहीण मात्र मी कधी घराबाहेर काढली नाही.

तू मला स्कीवर उभं केलंस तेव्हा मी बेचाळिसाचा होतो आणि माझं पोट त्याहून थोडं पुढे होतं. भूकंपानंतर शहर परत उभारायला आपण दोघं महिन्याच्या अंतराने इथे आलो; तू इमारतींचे खांब मोजायचास, मी त्यांच्या खालची गटारं. तू नाशिकचा, सह्याद्रीतले सगळे सुळके चढलेला. इथला बर्फ दिसल्यावर तू दोन हिवाळ्यांत शिकलास, आणि मग एकट्याने काय मजा म्हणून मला ओढलंस. तेही लिफ्टच्या मैदानावर नाही. पायाने डोंगर चढायचा आणि एकदाच खाली यायचं. "दिवसभर चढ आणि दहा मिनिटं उतार? संसारच झाला की हा," मी म्हणालो होतो. तू म्हणालास, "म्हणूनच तुला जमेल."

तुझे नियम. प्रत्येकाच्या छातीवर बीकन, तो मुठीएवढा डबा, जो गुपचूप खूण पाठवत राहतो. कुणी बर्फाखाली गेला तर दुसऱ्याने आपला डबा शोधायच्या बाजूला लावायचा, की तो आकडे दाखवत तुम्हाला त्याच्यापर्यंत नेतो. गाडीपासून निघताना रोज तपासणी. तू दहा पावलं पुढे जाऊन उभा राहायचास, तुझा डबा कानाशी. मी समोरून चालत जायचो. टुक, टुक वाजलं तरी तू यंत्रावर विसंबायचा नाहीस, तोंडाने विचारायचास.

"आहेस?"

"आहे."

"जा पुढे."

इतक्या वर्षांत एकदाही हे टळलं नाही. मी कंटाळून म्हणायचो, "नसून सांगू कुणाला?" तू हसायचा नाहीस. बाकी सगळ्यावर हसायचास, यावर नाही.

ती दिवाळी इथल्या वसंतात, लेबर वीकेंडला लागून आली होती. आपण दोघंच निघालो. आर्थर्स पासच्या वाटेवर गाडी लावून त्या दरीत शिरलो आणि संध्याकाळी हटमध्ये, त्या लाकडी झोपडीत, मुक्काम टाकला. इथवरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तरी सांगतो, कारण माझी लबाडी हिच्याच आडोशाला उभी आहे.

शुभाने बायकोच्या काळजीने बेसनाचे चोवीस लाडू दिले होते. डबा पिशवीत मावेना, म्हणून मी लाडू एका कापडी पिशवीत ओतले, आणि त्याच पिशवीत माझ्या स्किन्स कोंबल्या. त्या केसाळ पट्ट्या स्कीच्या तळाला चिकटवल्या की चढताना माणूस मागे घसरत नाही. सगळी करामत त्यांच्या गोंदाची. चालताना पाठीच्या उबेला तूप सुटलं. पहाटे तू म्हणालास चिकटव, आणि मी त्या पट्ट्या वर काढल्या तर खमंग वास.

"मकरंदराव," तू अगदी थंड आवाजात म्हणालास, "हे काय आहे?"

"वेलदोडा जरा जास्त झालाय."

तू माझी पट्टी वास घेऊन पाहिलीस, बोट लावून पाहिलंस आणि चाटलंस. मग म्हणालास, "लाडू चांगले झालेत. आपण मेलो."

तुझं दुसरं विधान खरं व्हायचं थोडक्यात राहिलं.

शंभर पावलं गेलं की माझी पट्टी सुटायची आणि मी मागे. पुन्हा पुसायची, पुन्हा दाबायची. शेवटी तू काळी चिकटपट्टी काढून स्की आणि स्किन दोन्हींना मिळून वेढे घातलेस, मुंडावळ्या बांधल्यासारखे. मी हसत होतो. तू घड्याळ बघत होतास. वसंतातल्या बर्फाचं तुझं वेळापत्रक मला तोंडपाठ होतं: आठला दगड, नऊला लोणी, अकराला ताक. लोण्यावर उतरायचं. ताकावर माणूस उभा राहत नाही, त्याच्याबरोबर डोंगरही उभा राहत नाही. आणि वर माझ्या डोक्यातला पुण्याचा, दक्षिणेकडून जाणारा सूर्य. "इथे तो उत्तरेकडून जातो, मक्या. आपला उतार उत्तरेकडे तोंड करून बसलाय. कढई आहे ती."

वेढे घालूनही तिसऱ्यांदा पट्टी सुटली तेव्हा सव्वानऊ झाले होते. तू काठी रोवून उभा राहिलास. "परत."

खिंड समोर दिसत होती. मी म्हणालो, "दिगू, समोर आहे."

"दिसतेय मला. परत."

"वर्षभर गटारं काढतो मी. वर्षातून एकदा मला असं वरून काहीतरी बघायचं असतं."

मी हे विनोदाने म्हणालो होतो. तुझा चेहरा बदलला. तू खिंडीकडे पाहिलंस, उताराकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि म्हणालास, "वर पाच मिनिटं. मोजून."

यावर आपण नऊ वर्षं भांडलो. मी म्हणायचो, तू ऐकायला नको होतंस. तू म्हणायचास, तू तोंड तसं करायला नको होतंस. तू हरलास असं मी कधी मानलं नाही, मी चुकलो असं तू कधी म्हणू दिलं नाहीस. आता हे भांडण माझ्या एकट्याच्या गळ्यात आहे, आणि एकट्याने भांडायला मजा येत नाही.

खिंडीत पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. पाच मिनिटांची वीस झाली. त्यालाही कारण मीच. थर्मासमधला चहा, चिवडा, एक लाडू तुला, दोन मला. ऊन इतकं होतं की मी जॅकेट छातीपर्यंत उघडून बसलो. तू बसला नाहीस. कडेला जाऊन खाली बघत होतास. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे सुटून आपोआप गडगडत खाली जात होते, मागे रेघ ओढत. तुझी पाठ मला दिसत होती. तू एकही शब्द बोलत नव्हतास, आणि तू बोलत नसलास की मला नेहमी आपल्याच हातून काहीतरी सांडलंय असं वाटायचं.

आणि माझ्या छातीवर बीकनचा लाल ठिपका लुकलुकत होता. आपण दोघं समोरासमोर. हरवलेलं कुणी नाही. कुणासाठी जळतोय तो?

खट्.

विचार करून केलं नाही, दिगू. विचार केला असता तर नसतंच केलं. "निघताना लावू," एवढं मात्र मनात आलं होतं. ते मला स्वच्छ आठवतं, म्हणून मला विसरण्याचीही सोय नाही.

"चल. ऊठ. चल!" तू वळून ओरडलास. मी लाडू तोंडात कोंबला, चेन वर ओढली आणि उठलो.

तू आधी उतरलास. खाली डाव्या हाताला खडकाचा एक उंचवटा होता, तिथे थांबून काठी वर केलीस: माझ्या रेषेच्या डावीकडून ये. मी आलो डावीकडूनच. सहा वळणं बरी झाली. सातव्याला स्की ताकात बुडाली, मी बसलो, आणि मी बसलो त्याच्या थोडं वर सबंध उतार हलला. आवाज झाला नाही. मला वाटलं होतं गडगडाट होईल. ओलं सिमेंट गाडीतून ओततात तसा फक्त एक फसफसाट. तुझी हाक ऐकली, "काठ्या सोड!" मग आकाश डावीकडून उजवीकडे गेलं.

थांबल्यावर जे होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. गोष्टीत मी इथे म्हणतो, "आणि मी लाडवासकट गडप!" लोक हसतात, आणि त्या हशात तू फावडं घेऊन येतोस. मधली सात मिनिटं मी उडी मारून ओलांडतो. सात हा आकडाही तुझाच, तू घड्याळात पाहिलं होतंस.

उजवा हात तोंडापुढे आला होता, त्याने वाटीएवढी जागा राहिली. डावा हात छातीवर, मनगटापासून आवळलेला. भिंतीत चिणल्यासारखं. निळसर उजेड होता. तोंडात बेसन. खाता येईना, थुंकता येईना. आणि मग तुझा आवाज आला, दिगू, शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"मक्या! मक्या, थांब, आलो!"

मला इतकं हायसं वाटलं की मी मनात म्हणालो, झालं, आता हा येईल, आता टुकटुक वाजेल. आणि त्याच क्षणी डाव्या हाताच्या बोटांना, जॅकेटवरून, तो डबा लागला. शांत. मीच बंद केलेला.

बटण चार बोटांवर होतं. मी सांगतो तुला, चार बोटं. सबंध आयुष्य ज्या हाताने न सांगता बटणं दाबली, तो हात एक बोट पुढे जाईना.

तू डोक्यावरून गेलास. तुझ्या बुटांचा करकर आवाज आला. मी ओरडलो. खालचा आवाज वर जात नाही, वरचा मात्र खाली येतो. तू यंत्राशी बोलत होतास, हट्टी पोराशी बोलावं तसा. "बोल ना. बोल रे. काहीतरी दाखव." मग स्वतःशी, "शोधावर आहे ना? आहे. आहे की नाही?" मग परत पहिल्यापासून. "शोध. हां. शोध. का नाही दाखवत?" तुझा आवाज चिरकला होता. तसा आवाज मी तुझा आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

मग पावलं खाली गेली. लांब. आणखी लांब.

तेव्हा मला भीती वाटली नाही म्हणून सांगतो आणि पुढे निघतो, हे मी इथेही करू शकतो. पण नको. मी मुतलो, दिगू. आणि अप्पांची आठवण आली, आणि अप्पांचा इतका राग आला की त्या रागानेच बहुधा मी शुद्धीवर राहिलो.

पावलं परत आली. पुन्हा डोक्यावरून गेली. थांबली. काही सेकंद काहीच नाही, आणि मग तुझी किंकाळी, "स्की!" माझ्या डाव्या स्कीचं टोक वीतभर बाहेर होतं. तू त्याच्या शेजारून दोनदा गेला होतास, मान खाली, डोळे त्या कोऱ्या पडद्यावर.

फावड्याचा पहिला घाव माझ्या कानाशी पडला. नंतर हातांनी. तोंड मोकळं झालं, मी खोकलो, बेसन बाहेर आलं आणि तू ते माझ्या ओठांवरून पुसलंस, तान्ह्या पोराचं पुसावं तसं. मग छाती मोकळी केलीस, मग डावा हात. मग तू माझे पाय उकरायला पाठ वळवलीस.

आणि मी ते केलं.

मोकळा झालेला हात जॅकेटमध्ये घातला आणि बटण चालू केलं.

कुणी शिकवलं मला ते? जीव वाचून एक मिनिटही झालं नव्हतं आणि मला तुझ्या रागावण्याची भीती वाटत होती. बस, एवढंच कारण. चोरून साखर खाल्लेल्या पोराने ओठ पुसावेत, तेवढाच विचार त्यात होता.

तुझा डबा अजून शोधावर होता. तो गळ्यात लोंबत होता. तो वाजायला लागला. टुक टुक टुक टुक. तू उकरता उकरता थांबलास. डबा हातात घेतलास. माझ्याकडे पाहिलंस, पडद्याकडे पाहिलंस.

"आता दाखवतंय," तू म्हणालास. "मक्या, आता दाखवतंय रे."

तू त्या ओल्या चिखलात मांडी घालून बसलास. मी बोललो नाही.

गाडीत परत येताना तू एकदाच बोललास. पेट्रोल भरायला थांबलो होतो, मी तिथला गरम पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, खात होतो. तू म्हणालास, "मी बटण नीट लावलंच नव्हतं. हात कापत होते. समोर स्कीचं टोक, आणि मी आंधळ्यासारखा फिरलो. ईराला मी इकडे आणणार नाही. मला ती सापडणार नाही."

तेव्हा ईरा तेरा वर्षांची होती. दर रविवारी गॅरेजमध्ये तू तिच्यासाठी जुन्या स्की घासून ठेवायचास. पुढच्या हिवाळ्यात तिला घेऊन वर जायचं ठरलेलं होतं.

मी त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. त्यात पायचा तुकडा घातला.

पुढे लाडवांची गोष्ट रंगत गेली. ती मी गणपतीला सांगितली, कोजागिरीला सांगितली, तुझ्या पन्नाशीला माइक हातात घेऊन सांगितली. तू प्रत्येक वेळी हसायचास, आणि हसून झाल्यावर तुझे डोळे कुठेतरी खाली जायचे. मी पाहायचो आणि पुढची फजिती सुरू करायचो. तू स्की गॅरेजच्या छताला टांगल्यास. माळावर चालायला जायचास, सायकल घेतलीस, मासे पकडायला लागलास. लोक म्हणायचे, दिगंबरचं वय झालं. मी म्हणायचो, हो ना.

आणि हॉस्पिटल. शेवटून दुसरा आठवडा. तू नर्सला म्हणालास, याच्याकडून लाडवांची गोष्ट ऐका. मी तुटक्या इंग्रजीत, हातवारे करून सांगितली, ती बिचारी हसून हसून तुझी सुई बदलायची विसरली. ती गेल्यावर तू माझं मनगट धरलंस. हाताला वजन नव्हतं.

"मक्या, एक राहिलंय. त्या दिवशी तू माझ्या चुकीने जाणार होतास. मी कधी माफी मागितली नाही तुझी."

दिगू, तू माझी माफी मागितलीस.

आणि मी म्हणालो, "लाडवांचं पाप कशाला डोक्यावर घेतोस? शुभाला सांगतो, ती घाबरून तूप कमी घालेल." तू हसलास. तुला हसताना खोकला आला. मी पाणी दिलं.

ती आपली शेवटची धड भेट. पुढच्या वेळी तू झोपेतच होतास.

तर तुझा दिवा विझवून मी बुटांच्या कपाटावर बसलो होतो, तिथे येतो. ईराने दिवा परत लावला, माझ्या शेजारी येऊन बसली. आता बावीस वर्षांची आहे, तुला सांगायला नको. मराठी कळते सगळी, उत्तर इंग्रजीत. तिच्या मांडीवर तुझं बीकन होतं, गॅरेजमधून काढलेलं. म्हणाली, पुढच्या महिन्यात हिमस्खलनाचा कोर्स करतेय, बाबाचंच वापरणार आहे. फक्त, त्या दिवशी यावर काही दिसलं नाही असं बाबा म्हणायचा, त्याचं एक विचारायचंय.

"काका, वॉज इट द मशीन? ऑर वॉज इट बाबा?"

यंत्र बिघडलेलं असेल तर तिला नवं घ्यायचं होतं. एवढा साधा प्रश्न. उत्तराला माझ्याकडे दोन पर्याय होते आणि दोन्ही तयार होते. यंत्र म्हणालो असतो तर तुझं बीकन कचऱ्यात गेलं असतं. तू म्हणालो असतो तर तू.

"मी," मी म्हणालो.

आणि सांगितलं. सगळं, बटणापासून बटणापर्यंत. विनोद एकही केला नाही, दिगू. एकदा जवळ आला होता, गिळला. संपल्यावर ती तुझ्या बीकनचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

"ही नेव्हर टुक मी," ती म्हणाली. "मला वाटायचं मी चांगली नव्हते."

हे दुसरं वाक्य मराठीत होतं.

मग म्हणाली, "आईला तू सांग. आय वोन्ट."

वहिनी स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होत्या, लोकांनी आणलेले परत द्यायला. मी उभ्यानेच सांगितलं. त्या डबा पुसत राहिल्या, कोरडा झाला तरी. शेवटी म्हणाल्या, "मकरंद, रात्री दचकून उठायचे ते. 'दाखवत नाहीये' म्हणायचे. मी म्हणायची, झोपा, मकरंद जिवंत आहे की." मग म्हणाल्या, "आता तुम्ही जा." चहा विचारला नाही. त्या घरातून मी चहाशिवाय प्रथमच निघालो, आणि ते बरोबरच होतं.

तेराव्याला मी आलो तेव्हा त्यांनी मला पानावर बसवलं, वाढलं. बोलल्या नाहीत. अजूनही फारशा बोलत नाहीत. ते मी मागणारही नाही.

ईराने मात्र चार दिवसांनी फोन केला. म्हणाली, कोर्सला तू येतोयस. मी म्हणालो, माझं वय बघ. ती म्हणाली, स्की करायला नाही, सांगायला. "द लाडू वन. ऑल ऑफ इट."

म्हणून काल सकाळी सात वाजता, डोंगराच्या पायथ्याच्या गाडीतळावर, मी अकरा अनोळखी पोरापोरींसमोर उभा राहिलो. लाडवांना हसले सगळे. स्किनवरच्या तुपाला फारच हसले. मग मी थांबलो नाही, पुढे गेलो, आणि हसणं एकेकाचं बंद होत गेलं. एक दाढीवाला पोरगा नकळत स्वतःच्या छातीवर हात नेऊन चाचपत होता. बोलून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असा कार्यक्रम माझा पहिलाच.

मलाही त्यांच्याबरोबर पहिल्या टेकाडापर्यंत चालायचं होतं. ईराने माझं बीकन मागून घेतलं, चालू केलं आणि बटणावर काळ्या चिकटपट्टीचे दोन वेढे घातले. तुझीच पट्टी, तुझ्या पिशवीतली, अर्धी उरलेली. दातांनी तोडली. माझ्याकडे न बघता डबा परत दिला.

मग ती दहा पावलं पुढे जाऊन उभी राहिली, तुझा डबा कानाशी धरून. अगदी तुझ्यासारखी, एक पाय थोडा वाकवून. पोरं एकेक करून तिच्यापुढून गेली, टुक टुक वाजत गेलं. सर्वांत शेवटी मी. तिच्यासमोर आलो. वाजत होतं, मला ऐकू येत होतं. तरी तिने हात आडवा धरला.

"आहेस?" ती म्हणाली. तुझ्यासारखंच.

"आहे," मी म्हणालो.

हात लगेच खाली आला नाही. तिने आणखी थोडा वेळ ऐकलं. मग बाजूला झाली.

"जा पुढे."